‘एवढे पैसे घालून नेलं आणि पोरगं रडतच राहिलं’

मे महिना किंवा दिवाळीची सुट्टी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. थीम पार्कची सहल महिनाभर आधी ठरते, मुलं दिवस मोजत असतात, आणि प्रत्यक्षात दुपारी दोनच्या आत कुणीतरी जमिनीवर लोळून रडत असतं. मग आईबाबांची एकमेकांवर चिडचिड होते आणि परतीच्या गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही. पुण्याच्या एका जोडप्याने हीच तक्रार माझ्याकडे आणली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा आणि घरात आजी. मे महिन्यातली त्यांची सहल पुरती फसली होती. दिवाळीत खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचं मुलांना कबूल केलेलं, आणि आईला आत्तापासूनच धडधडत होतं.

तिने विचारलं ते असं: “आम्ही लाड करून त्याला बिघडवलंय का? की त्याला काही प्रॉब्लेम आहे? आइस्क्रीम मागितलं म्हणून घेऊन दिलं, तर तेच फेकून दिलं.” वडिलांचं दुःख वेगळं होतं. सगळ्यांचे मिळून दहा-बारा हजार गेले आणि राइड झाल्या जेमतेम चार.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मनात घर करून बसतं. मूल एरवी शाळेत, सोसायटीतल्या वाढदिवसाला, लग्नकार्यात ठीक राहत असेल आणि एखाद्याच दिवशी असं कोसळलं असेल, तर मुलाला तपासायच्या आधी तो दिवस तपासायचा. घरात मिक्सर लागला की कान झाकून पळणं, कपड्यांचं लेबल टोचतं म्हणून रोज रडणं, थोड्याशा गर्दीतही हेच होणं, असं असेल तर मात्र विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना दाखवावं. या मुलाचं तसं काहीच नव्हतं.

म्हणून आम्ही त्या मेमधल्या दिवसाचा कागद मांडला. डाव्या बाजूला वेळ, उजव्या बाजूला झोप, खाणं, ऊन, आवाज. मुलगा आदल्या रात्री आनंदाच्या भरात अकराला झोपलेला, पहाटे पाचला उठवलेला. वाटेत घाटात उलटी झाली. त्यानंतर पोटात गेली दोन बिस्किटं. दहाला गेटवर, मग मोठ्या राइडच्या रांगेत चाळीस मिनिटं उन्हात. रांगेच्या टोकाला उंचीची पट्टी, आणि ताईची उंची कमी भरली म्हणून सगळे परत. ताई रडली, बाबा कर्मचाऱ्याशी हुज्जत घालत राहिले. पुढची राइड अंधारातली. “काही नाही रे, साधी आहे” म्हणून त्याला आत नेलं आणि तो किंचाळतच बाहेर आला. घरी तो रोज एक वाजता झोपतो. आइस्क्रीम फेकलं दीड वाजता, म्हणजे जाग येऊन साडेआठ तास झाल्यावर आणि जवळजवळ रिकाम्या पोटी. कागद पूर्ण झाल्यावर वडीलच म्हणाले, “यात मीही रडलो असतो.”

हट्टाचं रडणं आणि थकव्याचं रडणं यांतला फरक पालकांना ओळखता आला पाहिजे, कारण दोन्हींवर उपाय उलटे आहेत. हट्टाने रडणारं मूल मधूनमधून आपल्याकडे बघतं आणि हवी ती वस्तू मिळाली की गप्प होतं. तिथे शांतपणे ‘नाही’वर ठाम राहायचं. थकव्याने कोसळलेल्या मुलाला वस्तू देऊनही उपयोग नसतो; ती नको असते, दुसरी दिली तर तीही नको असते. अशा वेळी समजावणं, रागावणं, ‘काय हवंय सांग ना’ असे प्रश्न विचारणं, सगळंच त्याच्यावरचा भार वाढवतं. त्याला उचलून सावलीत, शक्यतो भिंतीकडे तोंड करून बसवायचं, शेजारी आपण जमिनीवर बसायचं, पाण्याचे दोन घोट द्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटं जवळजवळ काहीच बोलायचं नाही. कोसळण्याच्या अर्धा तास आधी खुणा दिसतात: कान चोळणं, ‘उचलून घे’ वाढणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, उगाच मोठमोठ्याने हसणं. हे हसणं आईबाबांना मजेचं वाटतं आणि ते आणखी एक राइड घेतात. तिथेच फसतं.

आता नियोजन. पहिला बदल वडिलांच्या हिशेबात करावा लागला. पैसे वसूल करायची त्यांची धडपड स्वाभाविक होती, कष्टाचे पैसे आहेत. पण तिकिटाची किंमत राइडच्या आकड्याने भागली, की प्रत्येक विश्रांती नुकसान वाटू लागते आणि विश्रांतीच कापली जाते. चार वर्षांच्या मुलासाठी दिवसभरात पाच-सहा राइड पुष्कळ झाल्या, आणि त्यातली एकच तो तीनदा मागेल. लहान मुलांना तीच तीच राइड आवडते, कारण पुढे काय होणार हे माहीत असण्यातच त्यांची मजा असते. तेव्हा ‘ही झाली ना आता’ असं म्हणायचं नाही.

वडिलांनी एक्स्प्रेस पासबद्दल, म्हणजे जादा पैसे भरून रांग टाळायच्या पासबद्दल विचारलं. माझं मत असं, की घरातली मुलं सातच्या आतली असतील तर तो पैसा आदल्या रात्रीच्या मुक्कामावर घालावा. असे पास मुख्यतः मोठ्या राइडच्या रांगांसाठी उपयोगी पडतात आणि त्यांतल्या बऱ्याच राइडवर ही मुलं बसूच शकत नाहीत. आदल्या संध्याकाळी खोपोलीत पोहोचलं, की घाट आदल्याच दिवशी उतरून होतो आणि मूल सात-साडेसातपर्यंत झोपू शकतं. घाटात उलटी होणाऱ्या मुलाला निघण्याआधी तासभर कोरडं, हलकं खायला द्यावं. पोळीचा रोल चालतो. दूध आणि तळलेलं नको. गाडीत मोबाइल अजिबात नाही, नजर समोर किंवा खिडकीबाहेर लांब. उलटीचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्यायचं. यातल्या काही औषधांनी झोप येते आणि काही दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत.

तारीख ठरवताना भाऊबीजेनंतरचे चार-पाच दिवस आणि शनिवार-रविवार टाळायला सांगितलं. सुट्टी लागल्या लागल्या, घराघरांत फराळ आणि साफसफाई चालू असताना, मंगळवार-बुधवार गाठणं बरं. ऑक्टोबर हीट असतेच, म्हणून सकाळ आणि साडेतीननंतरचा वेळ उघड्यावर, मधला वेळ सावलीत. आणखी एक गोष्ट अनेकांना गेटवर पोहोचल्यावर कळते: इमॅजिकामध्ये थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क ही वेगवेगळी ठिकाणं आहेत. तिन्ही एका दिवसात ‘उरकायचा’ बेत लहान मुलांसोबत करूच नये. एक दिवस, एकच पार्क.

उंचीचा प्रश्न घरीच सोडवायचा. आपल्याकडच्या बऱ्याच पार्कांत तिकीटही वयावर नाही, उंचीवर ठरतं. त्यामुळे बुकिंगच्या आदल्या दिवशी मुलांना अनवाणी, भिंतीला टाचा लावून मोजायचं. सकाळच्या तुलनेत संध्याकाळी उंची साधारण एक सेंटिमीटरने कमी भरते, म्हणून काठावरचं माप असेल तर संध्याकाळचंच धरायचं. या घरातली मुलगी १२१ सेंटिमीटर भरली. नायट्रोसारख्या मोठ्या रोलर कोस्टरवर ती बसू शकणार नव्हती, आणि हे तिला रांगेच्या टोकाला अनोळखी माणसाकडून कळण्यापेक्षा घरी आईकडून कळणं फार वेगळं असतं. आईने दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने दोन खुणा केल्या, एक तिच्या आजच्या उंचीची, दुसरी मोठ्या राइडच्या अटीची, आणि पार्कच्या वेबसाइटवरून आजच्या खुणेत बसणाऱ्या राइडची यादी तिलाच लिहायला दिली. कारणही सांगायचं: खांद्यावरून येणारा तो दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेला असतो, लहान शरीर त्यात नीट अडकत नाही. ‘तू अजून लहान आहेस’ यापेक्षा हे मुलांना जास्त पटतं. जाड सोलचे बूट घालून माप वाढवायची युक्ती काही पालक अभिमानाने सांगतात. ती धोक्याची आहे.

भीतीची तयारी दहा दिवस आधी सुरू केली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंधार, मोठा आवाज आणि मुखवटे घातलेली माणसं यांची भीती वाटणं वाढीचाच भाग आहे. अशा वयात ‘सलीमगढ’सारखी भुताची राइड यादीतच नको. ‘राजासॉरस’मध्ये डायनासोर आहेत, अंधार आहे आणि शेवटी पाणी उडतं, मुलाला डायनासोर कितीही आवडत असले तरी खेळण्यातला डायनासोर आणि अंधारात ओरडणारा डायनासोर यांत त्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे. राइडचे आतून काढलेले व्हिडिओ आधी आवाज बंद ठेवून दाखवायचे, दुसऱ्या दिवशी आवाज हळू ठेवून. पार्कात गेल्यावर आधी बाहेर पडणाऱ्या लोकांचे चेहरे दोघांनी मिळून बघायचे, मग विचारायचं. रांगेच्या शेवटी तो ‘नको’ म्हणाला तरी कर्मचाऱ्याला सांगून निमूट बाहेर यायचं. फसवून एकदा बसवलं, की त्या दिवसापुरता त्याचा आपल्यावरचा विश्वास संपतो आणि मग साध्या घोड्यांच्या चक्रावरही तो बसत नाही. याच मुलाचं मेमध्ये तसंच झालं होतं.

प्रत्यक्ष दिवस त्यांनी असा आखला. गेट उघडताना पोहोचायचं, पण आधी पोटभर नाश्ता. पहिले दोन तास मुलाच्या राइड, कारण तोच आधी थकणार. साडेबाराला, गर्दी व्हायच्या आत, जेवण. एक ते तीन एसीतला एखादा शांत शो किंवा सावलीत बाबागाडीत झोप. चार वर्षांचा मुलगा बाबागाडीत बसणार नाही असं आईला वाटत होतं. एक वाजता बसतात, आणि झोपतातही. याच दोन तासांत एकजण मुलीला घेऊन तिच्या यादीतल्या राइड करेल. पाणी उडणाऱ्या राइड साडेतीननंतर आणि लगेच कोरडे कपडे. ओल्या कपड्यांत एसीत बसलेलं मूल कुडकुडतं, किरकिरतं, आणि कारण कुणाच्याच लक्षात येत नाही.

पिशवीत प्रत्येक मुलाच्या कपड्यांचे दोन जोड, मागे पट्टा असलेल्या सँडल, टोपी, कान झाकायचे हेडफोन, ओआरएसची पाकिटं. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. छोट्या बाटलीत अंदाजे अर्धं टाकलं की प्रमाण चुकतं. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चार-पाच घोट पाणी पाजायचं. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का, लहान मुलांच्या खाण्याला सूट आहे का, हातावर शिक्का घेऊन बाहेर जाऊन परत येता येतं का, हे फोन करून आधीच विचारायचं.

चुकामूक झाली तर? सकाळी गेटवर दोन्ही मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहून वर पारदर्शक पट्टी लावायची. मुलांना एकच वाक्य पाठ करून घ्यायचं: “जिथे आहे तिथेच थांबायचं, आणि गणवेशातल्या काकांना किंवा मुलं बरोबर असलेल्या मावशींना सांगायचं.” आईला शोधायला निघालेलं मूल जास्त लांब जातं.

शेवटी आईने विचारलं, “आणि एवढं करूनही कोसळला तर?” त्याचं उत्तर गाडीत बसायच्या आधी ठरलेलं हवं: कोण मुलाला घेऊन बाहेर जाणार आणि कोण मुलीबरोबर थांबणार. जागेवर चर्चा नाही, ‘अजून एकच’ नाही. आजीचे गुडघे दुखतात म्हणून तिला घरी ठेवायचा विचार चालला होता. मी म्हटलं, तिलाच सावलीतली एक ठरलेली जागा द्या. बाकीचे तिथे येऊन-जाऊन राहतील आणि थकलेल्याला टेकायला एक मांडी असेल.

दिवाळीनंतर ते येऊन गेले. मुलगा घोड्यांच्या चक्रावर चारदा बसला. डायनासोरच्या राइडच्या दारातून तो परतला, त्याला कुणी आग्रह केला नाही. रडला एकदाच, खेळण्यांच्या दुकानात, आणि ते हट्टाचं रडणं आहे हे आईने लगेच ओळखलं. खेळण्यावर किती खर्च करायचा हे आधीच ठरलं होतं, त्यामुळे तिला ठाम राहता आलं. साडेपाचला ते बाहेर पडले. पार्कातली संध्याकाळची परेड त्यामुळे हुकली आणि मुलगी परतीच्या वाटेवर फुरंगटून बसली. तिची तक्रार रास्त होती. लहान भावाच्या घड्याळावर तिचा सगळा दिवस चालला होता. त्यावर आता असं ठरलंय, की तिची उंची दाराच्या वरच्या खुणेला टेकली की बाबा आणि ती, दोघंच जातील, आणि पार्क बंद होईपर्यंत थांबतील.