पायाची जुनी जखम कशाने धुवावी?

प्रश्न : माझ्या आईच्या (वय ६४) डाव्या पायाला, आतल्या बाजूने घोट्याच्या जरा वर, आठ महिन्यांपासून जखम आहे. पोटरीच्या नसा फुगलेल्या आहेत, मधुमेह नाही. ड्रेसिंग करणारे कंपाउंडर दर वेळी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मग पोव्हिडोन आयोडीन वापरतात. औषधविक्रेते पॉलिहेक्झानाइड या जंतुनाशकाचे महागडे द्रावण सुचवतात. यांपैकी कोणते घ्यावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जखमेची जागा आणि फुगलेल्या नसा पाहता हा शिरांच्या दोषातून झालेला व्रण असावा, नक्की निदान अर्थातच तपासणीनंतर होईल. असे व्रण धुण्याच्या द्रावणांच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. निकषांत बसणाऱ्या चाचण्या अवघ्या ४ निघाल्या, रुग्ण २५४. आणि पॉलिहेक्झानाइड साध्या सलाइनपेक्षा सरस आहे, असे त्यांवरून ठामपणे म्हणता आले नाही. महागड्या बाटलीची घाई करू नये, असे माझे मत आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र बंद करावे. पांढरा फेस आला की घाण निघाल्याचे समाधान वाटते, पण तो फेस म्हणजे रक्तातील व पेशींतील कॅटलेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) सुटणारा ऑक्सिजन असतो आणि त्या द्रावणाने नव्याने भरून येणाऱ्या पेशीही दुखावतात. पोव्हिडोन आयोडीन जंतुसंसर्ग असताना, डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस वापरावे. एरवी ०.९ टक्के नॉर्मल सलाइन किंवा उकळून कोमट केलेले पिण्याचे पाणी पुरते. हलक्या धारेने धुवावे, घासू नये.

तुमच्या पत्रात दाबपट्टीचा उल्लेखच नाही आणि मला खरी उणीव तिथे दिसते. शिरांत साचणारे रक्त वर जावे म्हणून पंजापासून गुडघ्याखालपर्यंत योग्य दाबाची पट्टी बांधल्यास असे व्रण लवकर भरतात, याला पुरेसा पुरावा आहे. ती घरी अंदाजाने बांधू नये, कारण धमन्यांत अडथळा असेल तर दाबामुळे पायच धोक्यात येतो. त्यासाठी आधी डॉप्लरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह तपासणाऱ्या यंत्राने) घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढतात व ते ०.८ पेक्षा कमी आल्यास पूर्ण दाब देत नाहीत. आठ महिने रेंगाळलेल्या जखमेच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवावा का, हेही सर्जनना याच भेटीत विचारावे, कारण क्वचित अशा जखमेत कर्करोग लपलेला असतो.