तारांगणाबाहेरचे प्रश्न: होडी मधेच मुकी का होते?

प्रश्न: पुरात अडकलेल्यांना औषधं पोचवायला आम्ही चौघांनी रिमोटवरची होडी आणि दोन ड्रोन तयार केलेत. रेडिओ 2.4 गिगाहर्ट्‌झचा. ड्रोन दीड किलोमीटर जातो, पण होडीचा संपर्क 300 मीटरवर तुटतो. जास्त ताकदीचा रेडिओ घ्यावा का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर: आत्ता नको. रंकाळ्यावर माझंही हेच झालं होतं. होडीचा अँटेना पाण्यापासून वीतभर, रिमोट कमरेशी. होडी डोळ्यांना स्वच्छ दिसत होती, तरी संपर्क गेला. रेडिओलहरींना नुसती सरळ रेघ पुरत नाही, रेघेभोवती मोकळी जागा लागते. तुमच्या रेडिओला 300 मीटरच्या मधोमध ती सुमारे 3 मीटर त्रिज्येची हवी, आणि तुमची जवळजवळ निम्मी पाण्याखाली आहे. शिवाय पाण्यावर आपटून आलेली लहर सरळ आलेल्या लहरीला मारते. हे दुखणं ताकदीचं नाही, उंचीचं आहे.

म्हणून एक ड्रोन नुसता निरोप्या ठेवा, म्हणजे होडी आणि रिमोटमधले संदेश इकडून तिकडे पोचवणारा. होडी आणि काठाच्या मधे 40 मीटर उंचीवर उभा करा. होडी पुढे सरकली की त्यानंही सरकायचं. चित्रीकरणाचा मोह टाळा. खरी गोम बॅटरीत आहे: वीसेक मिनिटांत तो उतरणार. दुसरा ड्रोन जागेवर पोचून होडीशी बोलू लागला, की मगच पहिल्याला बोलवा.

निरोप्या एकाच चॅनेलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. व्हिडिओचा दर्जा कमी करा. होडीचा ठावठिकाणा, बॅटरी आणि ‘परत ये’ हा हुकूम मात्र 865 ते 867 मेगाहर्ट्‌झच्या वेगळ्या लोरा रेडिओवर (थोडीच माहिती, पण लांबवर पोचवणारा) ठेवा. ठरलेल्या ताकदीच्या आत त्याला परवाना लागत नाही. सिमकार्डवर विसंबू नका. पुरात वीज गेली की टॉवरचा भरवसा नाही.

संपर्क तुटलाच तर होडीनं सरळ रेषेत घरी येऊ नये, वाटेत बुडालेली कुंपणं आणि तारा असतात. आलेल्या वाटेनंच, शेवटचा संपर्क होता तिथवर मागे यावं.

पहिली चाचणी संथ पाण्यात, होडीला दोर बांधून घ्या. पुरात हेलिकॉप्टर फिरतात, तेव्हा जिल्हा प्रशासनाच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. आणि ड्रोनची पाळी बदलताना होडी किती सेकंद मुकी राहते, तो आकडा मला नक्की कळवा.