आक्रमकाचं घर बघून ये

लेकी,

लेख मिळाला. एकदा सरळ वाचला आणि मग पेन्सिल घेऊन बसलो. परभणीच्या वसतिगृहात राहून, शेतीची प्रात्यक्षिकं सांभाळून, 'स्टार वॉर्स' या अंतराळपटांच्या विश्वातल्या 'न्यू जेडाय ऑर्डर' या कादंबरीमालिकेची एकोणीसच्या एकोणीस पुस्तकं संपवायची आणि वर त्यातल्या यूझान वाँग नावाच्या आक्रमकांशी भांडण उकरून काढायचं, हे मला आवडलं. पण हा लेख तुला दिवाळी अंकाला पाठवायचाय, म्हणून गोड बोलत नाही. तुझा राग खरा आहे. फक्त त्यातला बराचसा भलत्याच दारात उभा राहून ओरडतोय.

आधी व्यवहाराचं. दिवाळी अंकाच्या वाचकाला यूझान वाँग हे कोण, कुठले, काही ठाऊक नाही. तू दुसऱ्या परिच्छेदातच त्यांच्या सेनापतींची नावं घ्यायला लागतेस. पहिल्या पानावर सांगून टाक की ही मालिका १९९९ ते २००३ या काळात निघाली, लेखक अनेक आणि कथा सलग एक. आकाशगंगेच्या बाहेरून एक जमात चाल करून येते. यंत्र म्हणजे त्यांच्या धर्मात पाप. जहाजं, शस्त्रं, चिलखतं, सगळं जिवंत प्राण्यांपासून वाढवलेलं. वेदना सोसणं हीच त्यांची पूजा. आणि जेडायांना, म्हणजे त्या विश्वातल्या साधू-योद्ध्यांना, प्रत्येक सजीवात जाणवणारी 'फोर्स' ही अदृश्य शक्ती यांच्यात मुळी जाणवतच नाही. एवढं झालं की वाचक तुझ्यासोबत चालायला लागेल. २०१४ मध्ये ही सगळी जुनी पुस्तकं मुख्य कथेतून काढून 'लेजेंड्स' या शिक्क्याखाली ठेवली गेली, तेही सांग, पण उशिरा सांग. सुरुवातीलाच सांगितलंस तर वाचक म्हणेल, मोडीत काढलेल्या मालावर एवढी पानं कशाला?

तुझी पहिली तक्रार, 'हे स्टार वॉर्स वाटतच नाही', ही सगळ्याच चाहत्यांची आहे. पहिल्याच पुस्तकात आक्रमक एका ग्रहावर त्याचा चंद्र पाडतात आणि त्यात चुबाका मरतो. लहानपणापासूनचा लाडका केसाळ सोबती असा गेल्यावर लोक चिडणारच. पण ते सुतक झालं, समीक्षा नव्हे. सुतकाला एक परिच्छेद दे, प्रामाणिकपणे दे आणि पुढे हो. तू त्यावर अडीच पानं रडलीस.

दुसरी तक्रार जास्त दमदार आहे. 'फोर्स चालत नाही ही लेखकांची फसवणूक आहे,' असं तू म्हणतेस. फसवणूक कशी? फोर्स सगळ्या सजीवांत असते हा त्या विश्वाचा नियम. मग समोर चालता-बोलता जीव उभा आहे आणि त्याच्यात ती नाही, म्हणजे एक तर नियम खोटा, नाहीतर हा जीव जीवच नाही. जेडायांना याने झोप लागत नाही, आणि ती बेचैनी पुस्तकामागून पुस्तकात ताणून धरली आहे. प्रश्न म्हणून हे अस्सल आहे. तू प्रश्नावर तुटून पडलीस आणि उत्तराला सोडून दिलंस. उत्तर काय निघतं? यूझान वाँगांचा मूळ ग्रह स्वतःच जिवंत होता, आणि त्यांच्या रक्तपाताला विटून त्यानेच त्यांना फोर्सपासून तोडलं. म्हणजे शाप. आणि शाप आला की उःशाप येणारच, हे कीर्तनाला बसणाऱ्या कुठल्याही म्हातारीला कळतं. त्याप्रमाणे त्या ग्रहाचंच बीज असलेला झोनामा सेकोट नावाचा जिवंत ग्रह शेवटी येतो आणि सगळ्यांना पदरात घेतो. तत्त्वज्ञानातला अवघड पेच पुराणातल्या सोप्या वाटेने सोडवला. तुझी काठी इथे पडायला हवी होती.

आता मला खरोखर खटकलेलं. तू कृषी विद्यापीठात शिकतेस, आणि जिवंत जहाजांवर तुझ्या लेखात जेमतेम दोन ओळी आहेत! प्रवाळासारखी वाढवलेली लढाऊ विमानं, गुरुत्वाकर्षण वाकवून जहाज ओढणारा डोव्हिन बेसल, हातात काठीसारखा धरायचा साप, खेकड्याचं चिलखत. यावर शहरातला कुणी चाहता 'भारी कल्पना' म्हणून पुढे जाईल. तू नको जाऊस. इतक्या जनावरांना खायला काय घालतात? चारा कुठे पिकतो? साथ आली तर? एकाच वाणाचं सैन्य कोट्यवधींनी वाढवलं, तर त्याला लागणारी कीडही तेवढ्याच जोमाने वाढणार, हे तुला कुणी शिकवायला नको. २००२ मध्ये बीटी कापूस आला, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने आपल्याकडच्या बोंडांचं काय केलं ते तू घरच्या वावरात पाहिलंयस. तो परिच्छेद लिही. तो दुसरं कुणी लिहू शकणार नाही.

गंमत म्हणजे मालिकेत हा धागा आहे, आणि तो तुझ्या नजरेतून निसटला. चांगल्या बाजूचे लोकच 'अल्फा रेड' नावाचा रोग तयार करतात. यूझान वाँगांसह त्यांनी घडवलेलं सगळं सजीव तंत्र मुळासकट मरावं, यासाठी. एक अख्खी जमात संपवायची तयारी, आणि तीही नायकांच्या सरकारकडून. 'आक्रमक फारच क्रूर रंगवलेत' असं तू लिहितेस तेव्हा हे प्रकरण तुझ्या हाताशी हवं. क्रूर कोण, हा प्रश्न पुस्तकाने स्वतःच उलटा फिरवलाय.

जुना मास्तर असल्यामुळे एक आडवळण घेतो, नको असेल तर वगळ. यूझान वाँगांची जहाजं यामोस्क नावाचा एक प्राणी गुरुत्वाच्या लहरींनी हाकतो, आणि या लहरींत गोंधळ घालायची युक्ती सापडते तेव्हा लढाईचं पारडं फिरतं. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशा गुरुत्वलहरी पकडणारी लायगोची वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केलेले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगोने पहिली गुरुत्वलहर पकडली, तेव्हा भुजेच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या आकाराहूनही कितीतरी लहान होता. आणि ती लहर दोन कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेली! एक प्राणी टाकीत बसून असल्या लहरींनी विमानं वळवतो म्हणे. विश्वास ठेवायचा की नाही ते ठरव, पण हिंगोलीचं नाव आलं की मराठवाड्याचा वाचक मान वर करून वाचेल, एवढं नक्की.

आता हेतू. 'ते येतात कशाला हेच कळत नाही, निदान पाण्यासाठी आले असते तर पटलं असतं,' असं तू लिहिलंयस. पाण्यासाठी? आणि हे लातूरच्या मुलीने लिहावं? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. तेवढ्यासाठी किती यंत्रणा राबली, किती दिवस गेले, तू तेव्हा शाळेत असशील पण घरात ऐकलं असशीलच. पाणी वाहून नेणं किती महाग पडतं, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली पृथ्वीच्या सगळ्या समुद्रांहून जास्त पाणी असावं असा अंदाज आहे, धूमकेतू तर बर्फाचेच. ताऱ्यांमधलं अंतर तोडून येणारा माणसांशी लढाई करून विहिरीतलं पाणी कशाला उपसेल? ती ओळ काढ. उलट पाण्यासाठी येणाऱ्या परग्रहवासीयांच्या जितक्या कथा तू वाचल्यास, त्यांना याच मापाने झोड.

आणि यूझान वाँगांचा हेतू कळत नाही, हे खरं नाही. तो त्यांच्या घरात आहे. आपल्याकडचंच बघ. अलाउद्दीन खिलजी १२९६ मध्ये देवगिरीवर आला तेव्हा सुलतान नव्हता. प्रयागराजजवळच्या कडा प्रांताचा सुभेदार होता आणि दिल्लीच्या तख्तावर त्याचा चुलता बसलेला. तख्त हवं तर पैसा हवा, आणि पैसा रामदेवरायाच्या देवगिरीत असल्याचं त्याच्या कानावर होतं. मोजक्या घोडदळानिशी तो इतक्या लांब आला. यादवांचं मुख्य सैन्य युवराजासोबत बाहेर होतं. मागून मोठी फौज येतेय अशी हूल त्याने उठवली. वेढा पडल्यावर किल्ल्यातली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, असं सांगतात. लूट घेऊन तो परतला आणि त्याच वर्षी चुलत्याचा खून करून सुलतान झाला. ही स्वारी का झाली ते देवगिरीकडे कितीही टक लावून बघितलंस तरी कळणार नाही. कड्याला जावं लागतं.

तसंच इथे. यूझान वाँगांच्या स्वतःच्या आकाशगंगेची युद्धांनी राख झाली आहे. पिढ्यानपिढ्या ते जगाएवढ्या जहाजांतून भटकतायत, आणि ती जिवंत जहाजं आता म्हातारी होऊन मरायला टेकलीयत. वर शिमरा नावाचा सर्वोच्च सत्ताधीश आधीच्या क्वोरियलला संपवून गादीवर आलाय, आणि या क्वोरियलचा तर आक्रमणालाच विरोध होता. मरणारं घर आणि चोरलेली गादी. यात न कळण्यासारखं काय आहे? तक्रार करायचीच तर ही कर की एवढी महत्त्वाची माहिती वाचकाला फार उशिरा, तुकड्या-तुकड्यांनी मिळते, आणि तोवर आक्रमक नुसते ओरडणारे राक्षस वाटत राहतात. हा दोष पक्का आहे आणि पुराव्याने दाखवता येतो.

घरात शिरलीसच तर उंबऱ्यावर थांबू नकोस. त्या घरात सगळ्यात खाली कोण झोपतं, ते बघ. मला तुझ्या लेखात सगळ्यात जास्त हेच हवं होतं आणि नेमकं तेच नाही.

यूझान वाँगांत जाती आहेत. योद्धे, पुरोहित, जीव घडवणारे शेपर, कारभारी, कामकरी. आणि या सगळ्यांच्या खाली 'शेम्ड वन्स', आपण त्यांना कलंकित म्हणू. अंगात रोवलेला अवयव शरीराने नाकारला की देवांनीच त्या माणसाला नाकारलं असं ठरतं. मग त्याला स्पर्श नको, मान नको, फक्त घाण काम. 'एज ऑफ व्हिक्टरी'च्या पहिल्या भागातला वुआ रापुंग तुला आठवत असेल. मोठा योद्धा, अचानक कलंकित झालेला. तो छातीठोक सांगतो की देवांनी काही केलं नाही, एका शेपर बाईने जुन्या संबंधांवर पडदा टाकायला मुद्दाम माझ्या शरीरात बिघाड केला. आणि ते खरं निघतं. म्हणजे ज्याला दैवी कोप म्हणत होते तो प्रयोगशाळेत, एका माणसाच्या सोयीसाठी, हाताने घडवलेला होता. माझ्या मते अख्ख्या मालिकेतली ही सगळ्यात धारदार जागा. यूझान वाँगांना 'सपाट खलनायक' म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक नीट वाचलेलं नसतं.

पण मग मालिका या जागेचं काय करते? रापुंगची गोष्ट कलंकितांमध्ये कुजबुजत पसरते, त्यातून बंडाचा पंथ उभा राहतो. इथवर उत्तम. आणि त्यांचा प्रेषित म्हणून कोण येतो? नोम अनोर. कारभारी जातीतला कारस्थानी, सत्ता गेल्यावर जीव वाचवायला वेषांतर करून त्यांच्यात शिरलेला. ज्यांना माणूस म्हणून उभं राहायचंय, त्यांचं नेतृत्व वरून आलेल्या एका लफंग्याच्या हातात. आणि अगदी शेवटी उघड होतं की सिंहासनामागे बसून शिमराला नाचवणारा खरा सूत्रधार म्हणजे दरबारातला विदूषक ओनिमी, आणि तोही कलंकित! दबलेल्यांतून वर येतो तो एकतर दुसऱ्याच्या हातातलं बाहुलं, नाहीतर माथेफिरू. त्यांच्यातला स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या नावाने उभा राहिलेला नेता एकोणीस पुस्तकांत मोठा का झाला नाही? रापुंग मरतो आणि पंथाला त्याची फक्त दंतकथा मिळते.

हा प्रश्न तिकडच्या चाहत्याला सुचायला वेळ लागेल. तुला का लागावा? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नाव बदललं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या वर्षांत या भागात काय जळालं आणि कोण पाय रोवून उभं राहिलं, ते तुझ्या घरातल्या मोठ्यांना विचार. दोन्ही गोष्टी एकाच मापाच्या आहेत असं लिहू नकोस. कादंबरी ती कादंबरी, आणि माणसांची घरं जळाली ती खरी. नामांतराचं नाव लेखात आणलं नाहीस तरी चालेल. पण ते कळून घेतलेल्या मुलीची नजर प्रत्येक ओळीमागे दिसू दे.

लांबीचं बोलतो. सुतकाची अडीच पानं एका परिच्छेदावर आण. लढायांची यादी पूर्ण काढ, ती कुणी वाचत नाही. बोंडअळी, अल्फा रेड आणि कलंकित, एवढ्यावर लेख उभा राहतो. 'अत्यंत', 'भयानक', 'निव्वळ' हे शब्द पानागणिक आलेत, निम्म्याहून जास्त खोड. ओनिमीचं रहस्य सांगायचं की नाही यावर तू अडशील, म्हणून आधीच सांगतो: सांग. त्याच्याशिवाय तुझा आरोप सिद्ध होत नाही. फक्त आधी एक ओळ टाक, की ज्यांना मालिका वाचायची आहे त्यांनी पुढची दोन पानं सोडावीत.

सुधारलेली प्रत हातानेच लिहून पाठव, मोबाइलवर वाचताना माझे डोळे दुखतात. आणि एज ऑफ व्हिक्टरीचा दुसरा भाग तुझ्याकडे असेल तर सोबत टाक, माझी प्रत कुणीतरी नेली ती परत आली नाही.

तुझे सर,
अंबाजोगाई