चिंता देवावर टाकली, तरी ती परत का येते?

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायातलं 6वं वचन बहुतेक ख्रिस्ती घरांत पाठ असतं. कशाचीही चिंता करू नका, प्रार्थना आणि विनंती करून, आभार मानून आपलं मागणं देवाला कळवा. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते सकाळ-संध्याकाळ येतंही. तरी तिकडे गावी आईचं दुखणं चालू असतं, इकडे परदेशात राहण्याच्या परमिटचं नूतनीकरण अडकलेलं असतं आणि रात्री दोनला डोळे टक्क उघडे. वर आणखी एक टोचणी: आपला विश्वासच कमी पडतोय का?

त्याच पत्राचा 2रा अध्याय उघडा, 25व्या वचनापासून. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाला मदत देऊन, हे पत्र लिहिणाऱ्या बंदिवासातल्या पौलाकडे पाठवलं होतं. तिथे तो मरता मरता वाचला. आजाराची बातमी घरी पोचली आणि घरच्यांना कळलं म्हणून हाच बेचैन झाला. घरापासून लांब राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पौलाने त्याला ‘विश्वास ठेव’ म्हणून गप्प बसवलं नाही, सरळ घरी पाठवलं. तुम्हाला आनंद होईल आणि माझंही दुःख हलकं होईल, असं लिहून. ‘चिंता करू नका’ म्हणणाऱ्या माणसाच्याच लेखणीतून हे आलं आहे. तेव्हा मायेपोटी जीव कासावीस होणं म्हणजे अविश्वास, हे आधी डोक्यातून काढा.

आता मूळ प्रश्न. आपण 6वं वचन म्हणतो, 7व्यातल्या शांतीची वाट पाहतो आणि तिथेच थांबतो. विचारांचं काम 8व्या वचनात आहे: जे सत्य, आदरणीय, न्याय्य, शुद्ध आहे त्याचं मनन करा. चिंता देवाला दिली की मनात जागा रिकामी होते. तिथे दुसरं काही ठेवलं नाही, तर तीच परत येऊन बसते.

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं काढा, शक्यतो झोपण्याच्या तासभर आधी. वहीत तारीख घाला आणि चिंता एका वाक्यात लिहा, नावानिशी. ‘सगळंच अवघड झालंय’ असं लिहिलंत तर पुढे काही करता येत नाही. ‘बाबांचे गुरुवारचे रिपोर्ट’ असं लिहा. खाली दोन ओळी. पहिलीत आपल्या हातात काय आहे: भावाला फोन, पैसे पाठवणं, वकिलाला एक ईमेल. दुसरीत काय हातात नाही: रिपोर्टमध्ये काय येईल ते. पहिल्या ओळीतलं काम उद्या कधी करणार, ती वेळ तिथेच लिहा. दुसरी ओळ मोठ्याने वाचून देवापुढे ठेवा. मागणं दोन-तीन वाक्यांत संपवा. मग गेल्या चोवीस तासांतल्या तीन गोष्टींबद्दल आभार माना. ‘सर्व आशीर्वादांसाठी’ म्हणून मोकळं होऊ नका, नेमकं बोला: आज बाबा फोनवर हसले.

इथे हमखास एक गोष्ट बिघडते. प्रार्थना लांबत जाते आणि वीस मिनिटं आपण तीच चिंता, दर वाक्याला ‘प्रभू’ लावून, पुन्हा उगाळत बसतो. उठताना मन आधीपेक्षा जड. मागणं मोजकं ठेवायचं ते यासाठी. तेच रोज मागायला काहीच हरकत नाही. एकाच बैठकीत त्याचं दळण दळू नये.

8व्या वचनाची पहिली कसोटी ‘सत्य’. चिंतेला ती सर्वांत जड जाते. आईने फोन उचलला नाही, हे सत्य. ‘काहीतरी झालं असणार’ ही आपली भर. दोन्ही वेगळ्या ओळींवर लिहून पाहा. अंगातला ताण बराचसा दुसऱ्या ओळीचा असतो. ही भर तिथल्या तिथे थांबवायला घरच्यांशी एक सोपा करार करून ठेवा: बोलायचा वार आणि वेळ ठरलेली, आणि तिकडचा एकच माणूस ठरलेला, जो खरोखर निकड असेल तर कुठल्याही वेळी फोन करेल. त्याचा फोन आला नाही म्हणजे निकड नाही. त्यालाही सांगून ठेवा की इकडच्यांना काळजी नको म्हणून काही लपवायचं नाही. एकदा लपवलेलं उघडं पडलं की पुढे कुठल्याच ‘सगळं ठीक’वर विश्वास बसत नाही.

रात्री जाग आली तर फोन हातात घेऊ नका. 56व्या स्तोत्राचं 3रं वचन छोटं आहे, ते पाठ करून ठेवा: मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन. श्वास घेताना पहिला अर्धा, सोडताना दुसरा, सावकाश. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसा, चिंता वहीत एका ओळीत टाका आणि डोळे जडावले की परत आडवे व्हा.

घरात एकाचा विश्वास दुसऱ्याला ठोसा होऊ देऊ नका. रडणाऱ्या बायकोला किंवा नोकरी गेलेल्या नवऱ्याला ‘चिंता करणं पाप आहे’ म्हटलं की तो माणूस बोलायचा थांबतो, चिंता तशीच राहते. त्यापेक्षा दोघांनी 13वं स्तोत्र वाचा. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांतच दावीद देवाला चारदा ‘कुठवर?’ विचारतो. भरवशाची भाषा त्यानंतर, 5व्या वचनात येते. मुलांना खरं ते थोडक्यात सांगा आणि प्रार्थनेचं एक वाक्य त्यांचं त्यांना म्हणू द्या, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत.

एक स्पष्ट करायला हवं: 7वं वचन शांतीचं आश्वासन देतं, परमिटचं नाही. अर्ज नामंजूर झाला तर प्रार्थना वाया गेली असा हिशोब लावू नका, आणि नामंजुरीनंतर काय करायचं ते आधीच वहीतल्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा.

एलीया संदेष्ट्याने खचून जाऊन मरण मागितलं तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं आणि दूताकरवी दोनदा खाऊ घातलं; बोलणं नंतर झालं (1 राजे, अध्याय 19). शरीराकडे दुर्लक्ष करून मनाला वचनं पाजत राहू नका. काही आठवडे झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, कामावर लक्ष लागत नसेल, तर पाळकांशी बोला आणि डॉक्टरकडेही जा. गोळी घेणं हा अविश्वास नव्हे. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्यच होता. जगणंच नकोसं वाटू लागलं, तर त्याच दिवशी, तुम्ही राहता त्या देशाच्या आपत्कालीन नंबरवर फोन करा.