प्रोबायोटिकची कॅप्सूल की ज्वारीची भाकरी?

प्रश्न : माझे वय ४२ आहे. पावसाळ्यात छातीच्या संसर्गासाठी अँटिबायोटिकचे दोन कोर्स घ्यावे लागले. तेव्हापासून जेवल्यावर पोट फुगते आणि शौचाला कधी पातळ, कधी घट्ट होते. बेळगावच्या एका मेडिकल दुकानात तीन महिने प्रोबायोटिकच्या कॅप्सूल घेण्यास सांगितले. सध्या सकाळी चहा-बिस्किटे आणि दोन्ही वेळा भात-आमटी असा आहार आहे; जड पडते म्हणून भाकरी सोडली. कॅप्सूल घ्याव्यात का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : प्रोबायोटिक म्हणजे पोटाला उपयोगी पडावेत म्हणून घेतले जाणारे जिवंत सूक्ष्मजीव. पण तुमच्या पत्रात मला त्यांच्या कॅप्सूलपेक्षा भाकरी सोडल्याचा उल्लेख अधिक महत्त्वाचा वाटतो. आपल्या मोठ्या आतड्यातील जिवाणू मुख्यतः आपल्याला न पचणाऱ्या तंतुमय पदार्थांवर जगतात. ते आंबवून हे जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींना ऊर्जा मिळते ती प्रामुख्याने या ब्युटिरेटमधून. अँटिबायोटिकने यांतील बरेच जिवाणू मारले जातात आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही उरलेल्यांचा आहारही कमी केला आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, तर तेवढ्याच पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमही नसतात. प्रौढ माणसाने दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू आहारातून घ्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मात्र उद्यापासूनच दोन भाकरी आणि वाटीभर उसळ खाऊ नका. सवय मोडलेल्या पोटात तंतू एकदम वाढले की वायू वाढतो, आणि भाकरी सोसत नाही असा समज होऊन माणूस ती कायमची सोडतो. पहिला आठवडा दुपारच्या भाताच्या जोडीला अर्धी भाकरी घ्या. त्रास वाढला नाही, तर ती एक करा आणि चमचाभर जवसाची चटणी वाढून घ्या. त्यानंतर मोड आणून नीट शिजवलेली मटकी किंवा हुलग्याची पातळ आमटी अर्धी वाटी, तीही आधी एक दिवसाआड. मेथी, शेपू शिजवूनच खा. भाकरीबरोबर कच्ची मेथी आणि कांद्याची पात खाण्याची आपल्याकडची पद्धत उत्तम आहे, पण तुमच्या पोटाला ती महिनाभराने सोसेल. संध्याकाळी बिस्किटांऐवजी उकडलेले रताळे खावे. आपल्या भागात त्याची काही कमतरता नाही. तंतू वाढवताना पाणीही वाढवावे लागते, नाहीतर शौचाला आणखी घट्ट होते.

घरच्या विरजणाचे दही किंवा ताजे ताक जेवणात अवश्य असावे. त्यातील जिवाणू कोणते आणि किती, हे मोजलेले नसते, त्यामुळे त्याला औषध म्हणता येणार नाही. पण बहुतेकांना ते सोसते. कढी केली की मात्र उष्णतेने ते जिवाणू मरतात.

आता कॅप्सूलविषयी. अँटिबायोटिक चालू असताना होणारे जुलाब टाळण्यासाठी काही ठरावीक जातींचा, उदाहरणार्थ सॅकरोमायसिस बोलार्डी या यीस्टचा, उपयोग दिसून आला आहे. तुमचा कोर्स केव्हाच संपला आहे. इस्रायलमधील वाइझमन संस्थेच्या २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात तर अँटिबायोटिकनंतर अनेक जातींचे मिश्रण घेणाऱ्यांच्या आतड्यांतील मूळ जिवाणू पूर्ववत होण्यास उलट अधिक वेळ लागला. त्यामुळे तीन महिन्यांच्या कॅप्सूलचा खर्च तुम्ही करावा, असे मला वाटत नाही. तेच पैसे ज्वारी आणि कडधान्यांवर खर्च करा.

शौचातून रक्त जाणे, वजन आपोआप घटणे, ताप येणे, रात्री झोपेतून उठून शौचास जावे लागणे किंवा रक्तातील हिमोग्लोबिन कमी होणे, यांपैकी काहीही असेल, तर आहाराचे प्रयोग न करता आधी डॉक्टरांकडे तपासणी करून घ्या. असे काही नसतानाही सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही, तरी तपासणी हवीच.

प्रश्न : मी रोज रात्री इसबगोल घेते. त्याची सवय लागते का? सकाळी थायरॉईडची गोळीही असते.
– एक वाचक, निपाणी

उत्तर : सोनामुखीसारख्या रेचकांप्रमाणे इसबगोल आतड्यांना चेतवत नाही, ते पाणी धरून मळ मऊ करते. म्हणून सवय लागण्याची भीती नको, परंतु ते पेलाभर पाण्यात कालवून लगेच प्यावे. कोरडे गिळल्यास घशात अडकू शकते. इसबगोलमुळे थायरॉईडच्या गोळीचे शोषण कमी होऊ शकते, म्हणून दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे. गोळी सकाळी उपाशीपोटी आणि इसबगोल रात्री हा तुमचा क्रम योग्य आहे, तो बदलू नका.