कारचा बीएमएस घरी रिसेट करता येतो का? नवी बॅटरी टाकूनही स्टार्ट-स्टॉप चालत नाही, गाव आर्वीजवळ

बीएमएस म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा; तिच्यावरच स्टार्ट-स्टॉप, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणे, अवलंबून असते. घरी रिसेट बऱ्याच गाड्यांत जमते, पण नुसती वायर काढून-लावून नाही.

बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पवर छोटी डबी बसवलेली दिसते का? तोच बीएमएसचा सेन्सर. बॅटरीत किती करंट गेला, किती निघाला, याचा हिशोब तो ठेवतो. म्हणून आधी बॅटरी चार्जरने पूर्ण भरा. चार्जरचा काळा चिमटा मात्र थेट बॅटरीला नाही, बॉडीच्या अर्थ पॉइंटला लावायचा. थेट लावला, तर भरलेली वीज सेन्सरच्या खात्यात जमाच होत नाही. मधेच लाइन गेली, तर ती आल्यावर उरलेले चार्जिंग पुरे करा. मग गाडी लॉक करून किल्ली घरात दूर ठेवा. ह्युंदाई-किआमध्ये साधारण ४ तास तशीच ठेवली की सेन्सर नव्याने मोजमाप धरतो. मी तर रात्रभर ठेवा म्हणेन. पोरांना दार उघडू देऊ नका. सकाळी मल्टीमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले, की झाले.

बीएमडब्ल्यू, ऑडी असेल तर नवी बॅटरी गाडीला जोडायच्या स्कॅनरनेच नोंदवावी लागते. तिथे टर्मिनल काढून फक्त घड्याळ बिघडते.

दुकानदाराने साधी बॅटरी तर नाही ना दिली? स्टार्ट-स्टॉपला ईएफबी किंवा एजीएम, म्हणजे वारंवार स्टार्ट झेलणारी बॅटरीच लागते, लेबल वाचा. आणि मे महिन्यात आपल्याकडच्या ४५ अंशांत एसी फुल असला, की चांगल्या गाडीचेही इंजिन सिग्नलला बंद होत नाही. तो बिघाड नव्हे.