शेवटच्या महिन्यांत जांघेत आणि कमरेच्या हाडांत असह्य दुखत असेल तर प्रसूतीपर्यंत काय करता येते?

तुम्ही लिहिले आहे की 34वा आठवडा सुरू आहे, दोन्ही जांघांच्या मधोमध पुढच्या हाडात जोरात दुखते, रात्री कूस बदलताना डोळ्यांत पाणी येते आणि तपासणीच्या वेळी ‘बाळंतपण झाले की थांबेल’ एवढेच उत्तर मिळाले. तोवर काय करावे आणि याचा प्रसूतीवर परिणाम होईल का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. माझ्या दुसऱ्या गरोदरपणात 30व्या आठवड्यापासून मला हेच दुखणे होते आणि पहिले तीन आठवडे मी ते फक्त सोसण्यात घालवले. ते आठवडे तुमचे तरी वाया जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहिते.

कमरेखालची हाडे मिळून एक कडे तयार होते आणि त्या कड्यात तीन सांधे असतात: एक पुढे, जिथे तुम्हाला दुखते आहे तिथे, आणि दोन मागे, माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना. पुढच्या सांध्यातील फट एरवी साधारण 4 ते 5 मिलिमीटर असते आणि गरोदरपणात ती आणखी 2 ते 3 मिलिमीटर वाढणे हे नेहमीचेच आहे, कारण संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे पट्टे सैल होतात. परंतु हे सैल होणे प्रत्येक गरोदर स्त्रीच्या बाबतीत घडते, आणि असे दुखणे मात्र साधारण पाचांपैकी एकीला होते. म्हणजे केवळ सैलपणा हे त्याचे कारण नव्हे. हे तीन सांधे एकसारखे हलत नाहीत, एका बाजूवर जास्त ताण येतो आणि आजूबाजूचे स्नायू तो सावरू शकत नाहीत, तेव्हा दुखू लागते. मला ही गोष्ट फिजिओथेरपिस्टने समजावून सांगितली तेव्हा खरा धीर आला, कारण सांध्यांचा सैलपणा आपल्या हातात नसला तरी आपण कसे हलतो हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. या दुखण्याने बाळाला कोणताही अपाय होत नाही, हेही इथेच सांगते.

तुम्हाला कोणत्या हालचालींनी जास्त दुखते ते आठवून पाहा. एका पायावर उभे राहून कपडे घालणे, जिना चढणे, गाडीतून उतरणे, कूस बदलणे, या सगळ्यांत एक पाय दुसऱ्यापेक्षा वेगळे काम करतो किंवा दोन्ही पाय एकमेकांपासून लांब जातात. म्हणून शक्य तिथे गुडघे जवळ ठेवावेत आणि भार दोन्ही पायांवर सारखा ठेवावा. पुढचे बहुतेक सगळे उपाय या एकाच गोष्टीतून निघतात.

रात्रीबद्दल थोडे जास्त लिहिते, कारण झोप मोडली की दिवसाही दुखणे अधिक जाणवते. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवतातच, पण ती घोट्यांपर्यंत पोहोचेल इतकी लांब हवी, नाहीतर वरचा पाय खाली लोंबतो आणि सांध्यावर पीळ पडतो. पोटाखाली एक छोटी उशी किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवल्यास पोटाचे ओझे कमरेला ओढत नाही. कूस बदलायची असेल तेव्हा आधी दोन्ही गुडघे वाकवून उशीसकट घट्ट जवळ धरावेत, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू हलकेच आवळावेत, आणि श्वास सोडत सोडत खांदे, कंबर व गुडघे एकाच वेळी, एखादा ओंडका गडगडावा तसे, वळवावेत. आधी खांदे आणि मग पाय असे केले की मधला सांधा पिळला जातो, आणि कळ नेमकी तिथेच येते. गुळगुळीत कापडाचा गाऊन किंवा चादर असली तर अंग सहज सरकते. उठतानाही आधी कुशीवर यावे, दोन्ही पाय एकदम पलंगाखाली सोडावेत आणि हातांनी रेटा देऊन बसावे. मला ही सवय अंगवळणी पडायला चार-पाच रात्री लागल्या, आणि त्यानंतर लघवीसाठी उठण्याची भीती राहिली नाही.

दिवसा कपडे आणि चपला बसूनच घालाव्यात. जिना एकेक पायरी करत चढावा: चढताना कमी दुखणारा पाय आधी वर आणि उतरताना जास्त दुखणारा पाय आधी खाली. गाडीत बसताना प्रथम आसनावर बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. चालताना पावले लहान टाकावीत. मांडी घालून बसणे, एका खांद्यावर जड पिशवी घेणे आणि मोठ्या मुलाला एका कडेवर घेणे, हे तिन्ही मी थांबवले. शेवटचे सर्वांत जड गेले, पण मी खाली बसून मुलीला जवळ घेऊ लागले आणि तिनेही ते स्वीकारले.

माझ्याकडून झालेली चूक म्हणजे मी घाबरून दिवसचे दिवस पडून राहिले. त्याने आराम पडण्याऐवजी कंबर आखडली आणि उठल्यावर जास्तच दुखू लागले. विश्रांती अधूनमधून, थोडी थोडी हवी, आणि हालचालही तशीच, दुखणार नाही इतपतच हवी. म्हणून तुम्ही गरोदर स्त्रियांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवण्याची मागणी डॉक्टरांकडे स्पष्ट शब्दांत करा. 34वा आठवडा हा उशीर मुळीच नव्हे. ओटीपोटाच्या तळाचे, पोटाच्या खोलवरचे आणि नितंबांचे स्नायू बळकट करणारे सौम्य व्यायाम त्या शिकवतात, आणि मागचा एखादा सांधा आखडला असेल तर तोही मोकळा करतात. आधाराचा पट्टा त्यांच्याकडूनच मापाने बसवून घ्यावा. तो पोटावर नव्हे, तर पोटाखालून खुब्यांभोवती बांधायचा असतो. पोहत असाल तर बेडकासारखे पाय फाकवून मारू नका.

औषधांबाबत, पॅरासिटामॉल चालते का आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने कधीही घेऊ नका; 20व्या आठवड्यानंतर त्या टाळण्यास सांगितले जाते, कारण त्यांचा बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते.

सगळेच दुखणे सांध्याचे नसते, हे कृपया लक्षात ठेवा. ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, लघवीला जळजळ, बाळाची हालचाल कमी वाटणे, एका पोटरीत सूज व दुखणे, जांघेभोवती बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणे किंवा अचानक पायावर भारच टाकता न येणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

प्रसूतीविषयी सांगायचे तर, केवळ या दुखण्यासाठी सहसा सिझेरियन लागत नाही. परंतु तयारी जरूर करावी. उताणे झोपून न दुखता गुडघे एकमेकांपासून किती लांब जातात, ते कोणाकडून तरी टेपने मोजून घ्यावे, इतकेच की उताणे पडून फार वेळ राहू नये. ते अंतर आणि ‘दोन्ही पाय एकत्रच हलवावेत’ ही सूचना कागदावर लिहून फाइलला लावावी. पाठीतून भूल दिल्यास दुखणे जाणवत नाही आणि पाय नकळत जास्त फाकवले जाऊ शकतात, म्हणून हा कागद तेव्हा विशेष उपयोगी पडतो. कुशीवर राहून किंवा हात-गुडघ्यांवर ओणवे होऊन कळा देता येतील का, हेही आताच विचारून ठेवा. माझी प्रसूती कुशीवर झाली, आणि वरचा पाय सासूबाईंनी त्या मापाइतकाच उचलून धरला होता.

बाळंतपणानंतर बहुतेक जणींचे दुखणे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. माझे चालताना दुखणे दोन आठवड्यांत गेले, जिन्यावरचे मात्र तीन महिने राहिले. तेवढा काळ बाळाला पाजताना पाठीला टेकू घ्या, गुडघे जवळ ठेवूनच उठा, शिकवलेले व्यायाम चालू ठेवा, आणि सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत फरक वाटला नाही तर पुन्हा त्याच फिजिओथेरपिस्टकडे जा.